मेंदूदानाचा निर्णय: कोणी घ्यायचा आणि केव्हा?

गेल्या अंकातील स्मृतिभ्रंशाविषयीच्या एका उत्तरात मी मेंदूदानाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांची संख्या पाहून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला द्यावे, असे संपादकांनी सुचवले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मेंदूच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेली, त्यामुळे माझा कल कोणत्या बाजूला आहे हे वाचकांनी आधीच धरून चालावे.

प्रश्न: माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. सात वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर झाल्याचे निदान झाले. आता ते अंथरुणाला खिळले आहेत आणि आम्हा दोघा भावंडांना ओळखत नाहीत. त्यांच्या पश्चात मेंदू संशोधनासाठी द्यावा असे मला वाटते. पण धाकट्या भावाला ते मुळीच पटत नाही. “इतकी वर्षे बाबांना सुया टोचल्या, आता गेल्यावर तरी त्यांना सोड,” असे तो म्हणतो. बाबा स्वतः याविषयी कधी बोलले नव्हते. ते हयात असताना मी त्यांच्या मृत्यूनंतरचे कागद मागवते आहे, याची मला लाजही वाटते. असा निर्णय घेण्याचा आम्हाला अधिकार आहे का, आणि प्रत्यक्षात नेमके काय केले जाते?

उत्तर: आधी आपल्या लाजेविषयी लिहितो. ज्या घरांत मेंदूदान सुरळीत पार पडते, त्यांतील बहुतेक घरांत माणूस हयात असतानाच कोणीतरी हे कागद मागवलेले असतात, कारण या कामासाठी मिळणारा वेळ फार थोडा असतो. रक्तपुरवठा थांबला की पेशींतील विकरे पेशींनाच आतून पचवू लागतात, प्रथिनांत बदल होत जातात आणि आरएनएसारखे नाजूक रेणू तुटू लागतात. त्यामुळे मेंदू शक्यतो २४ तासांच्या आत हाती यावा, असा बहुतेक मेंदूपेढ्यांचा, म्हणजे दान केलेले मेंदू जपून संशोधकांना पुरवणाऱ्या संस्थांचा, आग्रह असतो. मृतदेह ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेला असेल तर काही पेढ्या ४८ ते ७२ तासांपर्यंतही थांबतात. एवढ्या अवधीत मृत्यूचा दाखला, रुग्णालयाची परवानगी, वाहन, शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि कुटुंबाची लेखी संमती हे सारे जुळावे लागते. त्या घटकेला घरात हा विषय पहिल्यांदाच निघाला, तर ते बहुधा जुळत नाही.

अधिकाराबाबत कायदा देशागणिक वेगळा आहे. सर्वसाधारणपणे निर्णयक्षम व्यक्तीने हयातीत दिलेली संमती सर्वांत वजनदार मानली जाते, आणि तशी संमती नसेल तर कायद्याने जवळचे ठरणारे नातेवाईक मृत्यूनंतर परवानगी देऊ शकतात. कागदावरचा अधिकार आपल्याला आहे, असे बहुतेक ठिकाणी ठरेल; पण आपल्या पत्रातला खरा पेच वेगळा आहे. वडील बोलले नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने बोलायचे कसे? अशा वेळी “मला काय वाटते” हा प्रश्न बाजूला ठेवून “ते आज भानावर असते तर काय म्हणाले असते” असे दोघा भावंडांनी एकमेकांना विचारावे. त्यांनी कधी रक्तदान केले होते का? कोणाच्या नेत्रदानाची बातमी वाचून ते काय म्हणाले होते? आजाराच्या सुरुवातीला एखाद्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायला ते तयार होते का? नातेवाइकाच्या शवविच्छेदनाला त्यांनी कधी कडाडून विरोध केला होता का? अशी आठवलेली एखादी गोष्ट पुष्कळदा वाद मिटवते, आणि कधी कधी ती आपल्या इच्छेच्या विरुद्धही जाते. तशी गेली तर ती मान्य करावी.

ज्या वाचकांच्या घरी निदान अलीकडेच झाले आहे, त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवतो: स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून माणसाची संमती देण्याची क्षमता त्याच दिवशी संपत नाही. आजाराच्या पहिल्या टप्प्यात बहुतेकांना हा विषय नीट समजतो, त्यावर ते मत देऊ शकतात आणि सहीही करू शकतात. त्यांच्याशी हे बोलणे क्रूरपणाचे होईल, अशी भीती घरच्यांना वाटते. मला मात्र अनेकदा रुग्णच घरच्यांपेक्षा शांतपणे बोलताना दिसले आहेत.

आता भावाविषयी. एका नातेवाइकाच्या सहीवर काम भागत असले, तरी त्याला डावलून पुढे जाऊ नका, असे मी सांगेन. कुटुंबात उघड मतभेद असल्याचे कळले की मेंदूपेढ्याही बहुधा मागे सरतात. त्याच्या बोलण्यात अडाणीपणा नाही. त्याने सात वर्षे वडिलांची तपासणी, सुया आणि नळ्या पाहिल्या आहेत, आणि मृत्यूनंतरही तेच पुढे चालू राहील असे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून प्रत्यक्षात काय होते, ते त्याला सांगावे.

शवागारात डोक्याच्या केसांच्या भागात, एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणारा छेद टाळूवरून घेतला जातो. त्वचा बाजूला सारून कवटीचा वरचा भाग कापून उचलतात, मेंदू खालच्या नसांपासून आणि मेरुरज्जूपासून सोडवून बाहेर काढतात, मग कवटीचा तुकडा जागेवर बसवून त्वचा टाके घालून शिवतात. चेहऱ्याला हात लागत नाही. केस अगदी विरळ असतील तर टाके मागून दिसू शकतात. पण देह उताणा ठेवला की ते उशीकडे जातात. या सगळ्याला एक ते दोन तास लागतात. त्यानंतर देह कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो आणि अंत्यदर्शन व अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात. काही अभ्यासांसाठी मेंदूभोवतीचा द्रव किंवा मेरुरज्जूचा भागही मागितला जातो; त्याची परवानगी स्वतंत्रपणे विचारली जाते आणि ती नाकारता येते.

पुढे मेंदूचे वजन करतात. निरोगी प्रौढाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतो. दीर्घकाळ अल्झायमर असलेल्यांचा त्याहून पुष्कळ हलका असू शकतो. मग मेंदूचे बहुधा दोन भाग करतात. एक भाग काही आठवडे फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात ठेवून त्याचे पातळ छेद रंगवून तपासले जातात. दुसरा चकत्या करून उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवला जातो, कारण जनुके आणि रसायने यांचा अभ्यास फॉर्मॅलिनमधल्या भागावर तितका नीट होत नाही.

काही महिन्यांनी, कधी वर्षभराने, कुटुंबाला हवा असल्यास अहवाल मिळतो. वडिलांच्या उपचाराला त्याचा उपयोग नाही, हे उघड आहे. पण वृद्ध माणसांच्या मेंदूत पुष्कळदा एकाहून अधिक आजारांच्या खुणा सापडतात. अल्झायमरच्या जोडीला रक्तवाहिन्यांमुळे झालेले नुकसान असते, पार्किन्सनच्या आजारात दिसणारे ल्युई पिंड असतात, आणि कधी निदानच वेगळे निघते. “बाबा शेवटी शेवटी इतके भितीदायक भास का सांगत होते?” या प्रश्नाचे उत्तर मुलांना तिथे मिळालेले मी पाहिले आहे.

भावाने हे सारे ऐकून घेतल्यावरही नकार दिला, तर विषय तिथेच थांबवावा. दोघांचे एकमत झाले, तर जवळच्या मेंदूपेढीशी आत्ताच संपर्क साधा आणि वडिलांचे जुने अहवाल, स्कॅन आणि औषधांच्या नोंदी एका फाइलमध्ये लावून ठेवा. आजाराचा इतिहास सोबत नसेल, तर मेंदूचे संशोधनमूल्य बरेच कमी होते.

प्रश्न: मी ६४ वर्षांची असून मला कोणताही मोठा आजार नाही. अवयवदानाचे कार्ड मी कधीच भरले आहे. त्यात मेंदू आपोआप येतो ना? आणि निरोगी माणसाचा मेंदू संशोधकांना कशाला हवा असेल?

उत्तर: आपोआप येत नाही, आणि हा गैरसमज सुशिक्षित घरांतही फार आढळतो. अवयवदान दुसऱ्या माणसाच्या शरीरात प्रत्यारोपण करण्यासाठी असते. मेंदूचे प्रत्यारोपण होत नाही. तो फक्त संशोधनासाठी दिला जातो आणि त्याची नोंदणी व संमतिपत्र स्वतंत्र असते. आपण कार्डावर “सर्व अवयव” अशी खूण केली असली, तरी मेंदूपेढीपर्यंत ती माहिती पोहोचत नाही.

दोन्ही दाने एकाच व्यक्तीकडून होणे अवघडही असते. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे मृत्यूनंतरचे दान बहुतेक वेळा मेंदूमृत अवस्थेतील, व्हेंटिलेटरवर असलेल्या व्यक्तीकडून होते. अशा व्यक्तीच्या मेंदूचा रक्तपुरवठा आधीच थांबलेला असतो आणि उबदार शरीरात त्याच्या ऊती विरघळू लागलेल्या असतात, त्यामुळे तो बहुधा अभ्यासाला उपयोगी पडत नाही. अशी वेळ आली तर प्रत्यारोपणालाच प्राधान्य द्यावे, यात मला शंका वाटत नाही, कारण तिथे कोणाचा तरी जीव वाचणार असतो. नेत्रदान मात्र मेंदूदानासोबत सहसा करता येते. दोन्ही संस्थांना एकमेकींची कल्पना दिलेली असावी, एवढेच.

देहदानाचे तसे नाही. वैद्यकीय महाविद्यालयात देह टिकवण्यासाठी रक्तवाहिन्यांतून रसायन भरावे लागते, म्हणून शवविच्छेदन झालेला देह अनेक महाविद्यालये नाकारतात. काही ठिकाणी मेंदू काढलेला देह स्वीकारतात. दोन्हींची इच्छा असेल तर आधी विचारून ठेवावे, नाहीतर घरच्यांना ऐन वेळी दोन दारांमध्ये हेलपाटे घालावे लागतात.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक आवडला. आजारी मेंदूत काय बिघडले, हे त्याच वयाच्या निरोगी मेंदूशी तुलना केल्याशिवाय कळतच नाही. सत्तरीतल्या माणसाच्या मेंदूत काही बदल वयामुळेच होतात. ते वजा केल्याशिवाय उरलेले बदल आजाराच्या खात्यावर कसे लिहिणार? आणि नेमके असेच मेंदू पेढ्यांना कमी मिळतात, कारण निरोगी माणसाला आपला मेंदू कोणाला हवा असेल, असे वाटतच नाही. आपण नोंदणी केली तर पेढीचे लोक बहुधा दरवर्षी किंवा काही वर्षांनी स्मरणशक्तीच्या साध्या चाचण्या आणि आरोग्याची प्रश्नावली देतील. तो भाग टाळू नका. हयातीतल्या नोंदींमुळे नंतरच्या तपासणीला अर्थ येतो.

प्रश्न: आज एमआरआय आहे, पेट स्कॅन आहे, रक्ताच्या चाचण्या आहेत. मग मृत माणसाचा मेंदू कापून बघण्याची ही शंभर वर्षांपूर्वीची पद्धत अजून का चालू ठेवायची? की ही केवळ संशोधकांची सवय आहे?

उत्तर: सवयीचा आरोप अगदीच निराधार नाही, आमच्या पेशातली माणसे जुन्या गोष्टींना चिकटून राहतात. पण इथे कारण साधे आहे. रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये चित्राचा सर्वांत लहान ठिपका सुमारे एक मिलिमीटरचा असतो, आणि मेंदूच्या बाह्यस्तरातील एका घन मिलिमीटरमध्ये हजारो चेतापेशी असतात. पेशीच्या आत कोणते प्रथिन गोळा झाले आहे, हे त्या चित्रात दिसू शकत नाही. पेट स्कॅनमध्ये काही प्रथिने दिसतात, हे खरे. परंतु स्कॅनमधला चकाकणारा भाग म्हणजे खरोखर तेच प्रथिन आहे, याची खात्री कशी केली गेली? ज्या रुग्णांचे स्कॅन झाले होते, त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासून. आपण उल्लेख केलेल्या नव्या चाचण्यांचा भरवसाही अशाच मेंदूंवर पारखला गेला आहे. उंदरांचा पर्यायही अपुरा आहे, कारण उंदराला अल्झायमर आपणहून होत नाही. त्याच्यात मानवी जनुके घालून त्याची नक्कल करावी लागते.

पार्किन्सनच्या औषधाची हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. १९६० साली व्हिएन्नामध्ये हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह हॉर्निकिव्हिच या दोघांनी पार्किन्सनने मृत्यू पावलेल्या मोजक्या रुग्णांचे मेंदू घेतले आणि त्यांतील डोपामिन मोजले. मेंदूच्या खोलवर असलेल्या ‘स्ट्रायटम’ या भागात ते निरोगी मेंदूंच्या तुलनेत फारच कमी निघाले. या आजारात मेंदूतील एक विशिष्ट रसायन घटते, ही गोष्ट त्यामुळे पहिल्यांदा पक्की झाली. रसायन कमी आहे तर ते भरून काढता येईल का, या विचाराने पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, व्हिएन्नातच वाल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत ज्याचे डोपामिन बनते त्या औषधाची, इंजेक्शने दिली, आणि हलूही न शकणारे काही रुग्ण काही काळ उठून चालू लागले. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत हे औषध देऊन त्याचा टिकाऊ परिणाम दाखवला. पार्किन्सनचे रुग्ण आजही तेच औषध घेतात. मृत मेंदूपासून जिवंत रुग्णाच्या गोळीपर्यंतचे अंतर इतक्या थोड्या वर्षांत कापले गेल्याची उदाहरणे फार नाहीत, हेही मान्य करतो. मेंदूदान केले म्हणजे लगेच औषध सापडते, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

अल्झायमर हे नावही असेच एका मेंदूतून आले. ऑगुस्टे डेटर ही स्त्री १९०१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली आणि १९०६ च्या एप्रिलमध्ये वारली. तिला तपासणारे डॉ. अलॉइस अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांच्याकडे पाठवण्यात आला. पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत झालेले धाग्यांचे गुंते त्यांनी त्यात पाहिले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत ते मांडले.

पण माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारी माहिती जोगिणींकडून मिळाली. अमेरिकेत १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी एका ख्रिस्ती संघातील जोगिणींचा अभ्यास सुरू केला. ७५ वर्षांवरच्या ६७८ जणींनी त्यात भाग घेतला आणि सर्वांनी मृत्यूनंतर मेंदू देण्याचे कबूल केले. एकाच प्रकारचे जीवन, तारुण्यातल्या लिखित नोंदी आणि दरवर्षीच्या चाचण्या हाती असल्यामुळे तुलना नेमकी झाली. काही जणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, तरी शेवटपर्यंत त्यांची बुद्धी शाबूत होती. मेंदूतील बिघाड आणि माणसाला होणारा आजार यांचे नाते इतके सरळ नाही, हे त्यामुळे मान्य करावे लागले. ते नाते आजही पुरते उलगडलेले नाही. कोणताही स्कॅन हयातीतल्या चाचण्या आणि मृत्यूनंतरचा मेंदू यांची अशी जोडी एकट्याने देऊ शकला नसता.

नवी पद्धत आली म्हणून जुना मेंदू निरुपयोगी होत नाही, उलट घडते. २०२३ मध्ये मोजक्याच दात्यांच्या मेंदूंतील लाखो पेशींची जनुकीय तपासणी करून मानवी मेंदूत ३,००० हून अधिक प्रकारच्या पेशी असल्याची यादी प्रसिद्ध झाली. काही दशकांपूर्वी गोठवलेल्या ऊतींनाही आज असे प्रश्न विचारता येतात.

प्रश्न: आइन्स्टाइनचा मेंदू डॉक्टरांनी परस्पर काढून घेतला होता, असे वाचले आहे. मग आपल्यासारख्यांच्या मेंदूचे काय होते, ते कोण पाहणार? तो विकला जात नसेल कशावरून?

उत्तर: जे वाचलेत ते खरे आहे. १८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टन येथे आइन्स्टाइन वारले, तेव्हा शवविच्छेदन करणारे डॉ. थॉमस हार्वी यांनी आधी परवानगी न घेता मेंदू काढून ठेवला. मुलाची संमती नंतर मिळवली, आणि मेंदूचे सुमारे २४० तुकडे करून ते वर्षानुवर्षे स्वतःजवळ बाळगले. त्यातून विज्ञानाच्या पदरात फारसे पडले नाही. त्याहून गंभीर प्रकार इंग्लंडमध्ये १९९९ साली उघडकीस आला: एका मुलांच्या रुग्णालयात मृत बालकांचे अवयव आईवडिलांना नीट न सांगता ठेवून घेतले गेले होते. त्या संतापातून तिथे २००४ चा मानवी ऊतींविषयीचा कायदा झाला, आणि संमतीवाचून ऊती ठेवणे हा गुन्हा ठरला. या क्षेत्रातले नियम आमच्या चांगुलपणातून आलेले नाहीत. दुखावलेल्या पालकांनी ते मिळवले आहेत.

आजच्या व्यवस्थित चालणाऱ्या पेढीत दात्याच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, संशोधकाला वय, लिंग आणि आजाराचा इतिहास कळतो पण ओळख कळत नाही, आणि ऊती मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला नैतिकता समितीची मान्यता लागते. दात्याच्या कुटुंबाला पैसे दिले जात नाहीत. संशोधकाकडून प्रक्रियेचा आणि पाठवणीचा खर्च घेतला जाऊ शकतो. तो कसा आकारला जातो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. सही करण्यापूर्वी आणखीही विचारावे: ऊती परदेशी किंवा खासगी औषध कंपन्यांना दिल्या जातात का, वाहतुकीचा खर्च कोण करतो, अहवाल मिळतो का, मन बदलले तर संमती कशी मागे घ्यायची आणि अभ्यास संपल्यावर उरलेल्या ऊतींची विल्हेवाट कशी लावतात. या प्रश्नांची उत्तरे लेखी द्यायला जी संस्था कचरते, तिथे सही करू नये. नेदरलँड्समध्ये १९८५ पासून राष्ट्रीय मेंदूपेढी आहे, बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मेंदू व मनाच्या आजारांवरील संस्थेत १९९५ पासून आहे; इतकी वर्षे चाललेल्या संस्थांकडे ही उत्तरे तयार असतात.

प्रश्न: माझ्या मावशीच्या मेंदूची तपासणी झाली आणि अहवालात आनुवंशिक आजाराची शक्यता लिहिली आहे. मावसभाऊ तो अहवाल मला पाठवू इच्छितो. मी ३४ वर्षांचा आहे, लग्न ठरले आहे. मी तो वाचावा का?

उत्तर: मेंदूदानाची ही बाजू माहितीपत्रकांत दोन ओळींत उरकलेली असते आणि ती तशी उरकण्यासारखी नाही. बहुतेक स्मृतिभ्रंश आईवडिलांकडून थेट येत नाहीत. पण काही आजार येतात: हालचाली आणि बुद्धी हळूहळू बिघडवणाऱ्या हंटिंग्टनच्या आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले, आणि ज्याच्या आईला किंवा वडिलांना तो आजार आहे, त्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मेंदूच्या पुढच्या भागाच्या ऱ्हासाचे काही प्रकारही असेच कुटुंबात उतरतात.

अहवाल वाचण्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटावे आणि तो अहवाल आपल्याऐवजी त्यांच्याकडे पाठवण्यास मावसभावाला सांगावे. “शक्यता” या शब्दाचा अर्थ अहवालात काय आहे, आपल्या आईला तो लागू होतो का, तिची तपासणी केल्याशिवाय आपल्याविषयी काही म्हणता येते का, हे त्या कागदावरून आपल्याला एकट्याने ठरवता येणार नाही. आईच्या वतीनेही विचार करावा लागेल, कारण आपल्या चाचणीचे उत्तर होकारार्थी आले तर तिचेही उत्तर तिला न विचारता ठरते. न कळण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि आजार थांबवणारा उपाय हाती नसताना अनेक समंजस माणसे तो हक्क वापरतात. होणाऱ्या जोडीदाराला मात्र असा अहवाल अस्तित्वात आहे, एवढे लग्नाआधी सांगावे.

प्रश्न: माझ्या पतींनी मेंदूदानाचे संमतिपत्र भरले होते. ते गावाबाहेर असताना अपघातात गेले. मी पेढीला फोन केला तेव्हा दोन दिवस उलटले होते, आणि डोक्याला मार असल्यामुळे तसेही घेता आले नसते, असे त्यांनी सांगितले. त्यांची शेवटची इच्छा माझ्यामुळे राहिली, असे सारखे वाटते. मला स्वतःला नोंदणी करता येईल का?

उत्तर: आपल्यामुळे राहिली नाही. अपघाती मृत्यूत आधी पोलिसांची चौकशी आणि न्यायवैद्यकीय शवविच्छेदन येते. त्याच्या आड कोणतेही संमतिपत्र येऊ शकत नाही. मेंदूला मोठी इजा, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहणे, काही संसर्गजन्य आजार, फार उशीर या कारणांनी पेढ्या दान नाकारतात, आणि नोंदणी केलेल्यांपैकी प्रत्येकाचे दान होतेच असे नाही. अशा दुःखातही आपण फोन केलात, हेच मला मोठे वाटते.

आपल्याला नोंदणी जरूर करता येईल. निरोगी व्यक्तींची गरज किती आहे, ते वर लिहिलेच आहे. पेढीला कळवताना पतींची नोंद बंद करायला सांगा, म्हणजे त्यांच्या नावे प्रश्नावली घरी येत राहणार नाही. आपल्या अर्जात संपर्कासाठी दोन माणसांची नावे द्या, त्यांतील एक माणूस आपल्याबरोबर न राहणारा असू द्या, आणि पेढीचा फोन क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये आजच घालून ठेवा.